रोटांच्या रविवारची नोंद

पैलाडच्या दवाखान्यात मी क्लेम भरतो.
आमच्याकडे ईसीजीची मशीनं तीन,
ईसीजी एक.
स्कॅन करून ठेवलाय, फोल्डरचं नाव 'नमुना'.
नाव बदला, वय बदला, गाव बदला,
रेघ तीच. तिसऱ्या ठोक्यानंतर जरा अडखळते
आणि पुढे जाते.

गुरुवारी अकरावी फाईल उघडली.
सुपडाबाई उखा महाजन, वय एकसष्ट.
दाखल रविवारी पहाटे चारला. छातीत कळ, दरदरून घाम.
सोमवारी स्टेंट, एक.
बुधवारी घरी. प्रकृती समाधानकारक.

रविवारी आमच्याकडे रोट होते.
कानबाई चौरंगावर बसली होती, नथ घालून,
आणि सुपडाकाकूनं मला गंगाफळाची भाजी
नको नको म्हणताना तिसऱ्यांदा वाढली.
'दवाखानामा ऱ्हाईसन वाळी गया रे तू.'
सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन
बोरीपर्यंत नाचत गेली.
ढोलवाला दमला, काकू नाही.

म्हणजे माझ्या स्क्रीनवर
तिच्या मांडीतून नळी हृदयाकडे निघाली,
त्या घटकेला ती गुडघाभर पाण्यात
घरी न्यायची वाळू ओंजळीत घेत होती.

फोन केला. मागे बायकांचा गलका.
'माले काय व्हयनं? निंदाले येल शे मी.'
मग आठवून आठवून सांगितलं:
जूनमध्ये शाळेत चष्म्यांचं शिबिर,
पांढरी गाडी, बिस्किटाचा पुडा,
कार्ड घेतलं, अंगठा घेतला.
उमटत नाही म्हणाले, परत घेतला.
किती वेळा?
'चार.'
चष्मा मिळाला. त्यातून सुईत दोरा जात नाही.

कार्डावर आता किती उरलंय
ते मी पाहिलं.
फोनवर बोललो नाही.

मॅनेजर चहा ढवळत म्हणाले,
'तिच्या कनवटीचा एक रुपया तरी गेला का?
सरकारचे पैसे. म्हणजे कोणाचेच नाहीत.'
त्यांचं बोलणं मला नवं नव्हतं.
याआधीच्या दहा फाईलींच्या वेळी
मी स्वतःला हेच सांगत होतो.
दगुबाई. झिपरू. आसाराम. हमीदाबी.
त्यांच्या रोटांना मी नव्हतो ना.
दहांची रेघ सारखीच दिसली तेव्हा
स्कॅनर खराब असेल असं वाटलं,
म्हणजे वाटून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत रेल्वे फाटकाजवळ उभा राहून
फुकटचा नंबर लावला.
बराच वेळ सनई. मग एक मुलगी,
आवाज माझ्याच वयाचा, तीही टाईप करत होती.
'पुरावा आहे?'
व्हिडिओ आहे, विसर्जनाचा, तारखेवेळेसकट.
'साक्षीदार?'
ताई, रोट भाऊकीबाहेर जात नाही.
त्यामुळे खाणारे मोजलेले असतात.
त्रेचाळीस.

ती हसली नाही. टाईप केलं तिनं.
'तुमचं नाव गुप्त ठेवायचं?'
मालगाडी आली. डबे मोजत राहिलो, चाळीसपर्यंत.
मग अकरा नावं सांगितली,
आणि भरणाऱ्याच्या रकान्यात जे लागतं
ते माझं.

तक्रार क्रमांक शर्टाच्या खिशात आहे.
चौकशी येईल म्हणतात. अजून आली नाही.
मी घरी आहे, निंदायला जातो,
काकूच्या मागच्या ओळीत.
रेशनच्या दुकानात काकू आता
मशीनपुढं अंगठा मुठीत धरून उभी राहते.
'पहिले सांग, कसाकरता?'
मागची रांग ओरडते. ती हलत नाही.

रात्री मात्र ती रेघ डोळ्यांपुढं येते.
कोणीतरी खरंच आलं असेल एकदा,
पहाटे चारला, घामानं भिजलेलं,
ज्याच्या छातीवर तारा लावल्यावर
कागद असा अडखळत निघाला.
शोधली होती मी ती फाईल, शेवटच्या दिवशी.
आमच्याकडे नाही.