आधी थोडं आवळायचं

सात वर्षांपूर्वी नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानदारानं विचारलं होतं,
निळी देऊ की लाल?
निळी सुटते. लाल सुटत नाही.
मी म्हटलं, लाल.

आदल्याच रविवारी
चौपाटीपासून दीडेक मैलावर
बोल्ट आपला आपणच फिरत फिरत निघून गेला होता.
शीड एकीकडे, विंडसर्फिंगची फळी एकीकडे,
आणि मध्ये मी, बँकेतली हेडक्लार्क,
दोन्हींना दोन हातांनी धरून
राजभवनाच्या खडकांकडे सरकणारी.
(किस्सा सांगताना हसते मी. तेव्हा नव्हते हसले.)

म्हणून लाल.
आट्यांवर एक थेंब पुरे, असं बाटलीवर लिहिलं होतं.
मी पाच घातले.

आता त्याच सांध्यातलं रबर तडकलंय.
अंगठ्यानं वाकवलं की चीर उघडते
शिळ्या बांगड्याच्या कल्ल्यासारखी.
रबर बदलायचं तर बोल्ट निघायला हवा,
आणि बोल्ट अजून माझंच ऐकतोय:
सुटायचं नाही, म्हणाली होतीस ना?

खोबरेल झालं, घासलेट झालं,
कढत पाण्याच्या तीन किटल्या झाल्या.
अ‍ॅलन चावीला नळाचा तुकडा जोडून लोंबकळले,
तर चावी सटकली, सहाही कोपरे झिजले,
उरलं एक गोल, गुळगुळीत, उर्मट भोक.
नवीन घे ना, मुलगी म्हणाली
फोनवरची मान वर न करता.

मंगळवारी अर्धी रजा टाकून दारूखान्यात,
जिथे जहाजं किलोनं विकतात,
इनास डाबऱ्यांच्या टपरीत.
त्यांनी सांधा कानाशी धरून हलवला, नखानं टोकरला.
कुणी भरलं हे?
मीच.
घाबरून?
मी काही बोलले नाही, त्यांनीही वाट पाहिली नाही.

ज्योत नको, म्हणाले, रबर जाईल.
रेडिओ दुरुस्तीची जुनी सोल्डरची सळई काढली,
टोक भोकात खोचलं,
भोवती ओला फडका गुंडाळला
आणि मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवलं.
दहा मिनिटं.

दहा मिनिटं काही न करणं
हाही त्यांच्या कामाचाच भाग होता.
कटिंग आली. शेजारी कुणीतरी
एका बोटीची शिडी पायरीपायरीनं कापत होतं.
लोखंडाशी भांडलात तुम्ही, ते म्हणाले,
लोखंडाचा काय दोष? धरून डिंक बसलाय.
त्याला ऊब द्यायची, बास.

मग वास आला, भिजल्या फटाक्यासारखा,
मागून थोडा गोडूस.
त्यांनी चांदणीच्या तोंडाचा एक बिट
हातोडीनं त्या गोल भोकात ठोकून बसवला,
पाना लावला
आणि फिरवला उजवीकडे.

अहो, उलटं! मी जवळजवळ ओरडलेच.

आधी थोडं आवळायचं, ते म्हणाले. केसभर.
त्याला वाटतं, आपण त्याच्याच बाजूचे.

कट्.
अडकित्त्यात सुपारी फुटावी, तेवढाच आवाज.
मग डावीकडे अर्धा आटा,
परत उजवीकडे पाव,
पुन्हा डावीकडे,
घाई नाही, जसं कुणाला
गर्दीच्या लग्नातून हाताला धरून बाहेर आणावं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे पीळ जळाला होता,
सुंभ तसाच्या तसा माझ्या तळहातावर,
आट्यांमध्ये लाल चुरा.

ऐंशी रुपये झाले.
आता निळी लावा, एक थेंब, ते म्हणाले,
आणि दर मोसमाला एकदा काढून बघा.
काढायचा नसला तरी.

येताना नागदेवीला उतरले.
गल्ल्यावर आता मुलगा बसतो.
न विचारता त्यानं लालच काढून ठेवली,
सगळे हीच नेतात, म्हणाला.
मी बाटली परत सरकवली. निळी दे.
आणि एक थेंब म्हणजे नक्की केवढा रे,
तेवढं मला दाखव.