दर पाच मिनिटांनी

माल्टन, यॉर्कशायर. रात्रीचे सव्वादोन.
चार खुरांना पट्टे, पट्ट्यांना साखळी,
आणि साडेपाचशे किलोंची टॅन्सी
हवेतून टेबलापर्यंत येते,
मान ओल्या गोधडीसारखी लोंबत.
आता ती उताणी. घोड्याने कधी नसावं तशी.

रोरी कोपरापर्यंत तिच्या पोटात.
पडद्याच्या अलीकडे मी,
जबड्याखालच्या नाडीवर दोन बोटं.
यंत्र आहेच. यंत्रावर किती विसंबायचं
ते मला एका शिंगराने शिकवलं,
त्याचं पुन्हा कधीतरी.

रक्तदाब अठ्ठावन्न.
थेंब वाढवते. चौसष्ट.
थांब. एकाहत्तर. लिहिते.
डोळा नाकाकडे कललेला, पापणी सावकाश मिटते. ठीक.
मग बुबुळ हलतं, डावीउजवीकडे,
विहिरीच्या तळातून कुणी वर बघावं तसं.
अजून नाही, बाई. अजून थोडी खाली राहा.

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला?
लहानपणी उत्तर पटकन यायचं: न फिरवल्यामुळे.
इथे फिरवता येत नाही.
तिचंच वजन तिच्या पाठीच्या मांसावर बसलंय,
तिथवर रक्त पोचतंय ना,
एवढंच माझ्या हाती.

"गुलाबी होतंय," रोरी आतड्याविषयी म्हणतो. "बहुतेक."
माझ्या तक्त्यात बहुतेकला रकाना नाही.

चार वाजून दहा.
गाद्यांच्या भिंतींची खोली, दिवा मंद.
नळी काढली. सगळे बाहेर.
डोक्याचा दोर माझ्याकडे, शेपटीचा मेगनकडे,
दोन्ही भिंतीतल्या कड्यांतून.
पडून राहणं म्हणजे मरण, हे तिच्या हाडांना ठाऊक,
आणि घाईत उठली तर मोडणार तीच हाडं.
"पड गं जरा," मी पुटपुटते.
मेगनला आता माझ्या मराठीचं काही वाटत नाही.
घोडीला कधीच वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा उठते ती नुसती मान.
दुसऱ्यांदा पुढचे पाय, मग धाडकन भिंत,
आणि बाहेर गाडीत जागी असलेली हेस्टर
तो आवाज ऐकते, मला माहीत आहे.
तिसऱ्यांदा दोर ताणतो,
मी टाचा रोवते,
मेगन काहीतरी ओरडते,

उभी.
चारही पाय फाकलेले, ओठ लोंबता,
प्यायलेल्या पाहुण्यासारखी स्वतःच्या पायांकडे बघत.

चार बावन्न, हे लिहायचंय.
बोटं दोर सोडत नाहीत.