अर्धा तास

नाव विचारलं तर म्हणाला, आर्थर पिकरिंग.
समोरच्या बंद शटरवर तेच लिहिलेलं होतं,
खाली बारीक अक्षरात : ताजा हॅडॉक, १९६१ पासून.
पोरगा फार तर पंधराचा.

सायडरची बाटली मी काढून घेतली. तेवढं मला येतं.
गटारात ओतली. तेही.
अटक येत नाही. बेड्या नाहीत.
कमरेला रेडिओ, खिशात कुणाच्या तरी
हरवलेल्या कुत्र्याचा पट्टा.
टोपीला साधी निळी पट्टी,
चौकटी-चौकटींची असते ती खऱ्यांची.
ग्रिम्सबीची पोरं आम्हांला प्लास्टिकचे पोलीस म्हणतात.
म्हणोत. प्लास्टिक पावसात गंजत नाही.

खोटं नाव सांगितलं की कायदा
माझ्या ओंजळीत अर्धा तास घालतो.
"थांब," मी म्हणाले, "कॉन्स्टेबल येईपर्यंत. तीस मिनिटं.
पळालास तर तो वेगळा गुन्हा."
माझे गुडघे सत्तावन्न वर्षांचे आहेत
हे सांगितलं नाही.

रेडिओ म्हणाला, गाडी क्लीथॉर्प्सला अडकलीय,
कुणीतरी कपड्यांसकट समुद्रात उतरलंय.
नऊ वाजून बारा.

कुलूप नाही, भिंत नाही.
बसथांब्याचा बाक आणि मनगटावरचं घड्याळ,
एवढीच कोठडी, दोघांत एक.

नऊ पंचवीसला त्यानं विचारलं, तुला पगार तरी देतात का?
देतात म्हटलं.
नऊ तेहतीसला त्याचे दात वाजायला लागले.
हातमोजे काढून दिले.
कलम याबद्दल काही म्हणत नाही.

नऊ बेचाळीस. गाडी नाही.
वही मिटली. "संपलं माझं.
आता तुला धरून ठेवायचा हक्क नाही. जा."

तो उठला नाही.
"बस त्रेपन्नला आहे," म्हणाला.

मग मीही बसले, टोपी मांडीवर घेऊन,
नुसती बसची वाट बघणारी बाई.
गोदीकडून बर्फाचा आणि डिझेलचा वास येत होता.
आणि तेव्हा, कुणी विचारलं नसताना,
त्यानं नाव सांगितलं. खरं.
घराचा नंबर. आणि आईचा तो नवा माणूस
घरात असला की आपण कुठे कुठे बसून काढतो, तेही.

पेन खिशात होतं. बराच वेळ तिथंच राहिलं.

कॉन्स्टेबल आला तेव्हा बस कोपऱ्यावरून वळली होती.
काच खाली करून हसला,
"ग्लेनिस, कुठाय तुझा आर्थर?"

"दार उघड," मी म्हटलं.
"एक पत्ता आहे."