वयाचा रकाना

तायी कार्डावर वयाचा रकाना असतो,
दोन आकडे मावतील एवढाच.
अक्काताई म्हणाल्या, एकोणीस घाला बाई,
आधारवर तेच हाय.
मी घातलं.
पेन माझंच होतं.

बेनाडीच्या उपकेंद्रात भिंतीवर मोजपट्टी रंगवलीय.
तिसऱ्या महिन्यात विद्याश्री तिला टेकून उभी राहिली,
चप्पल काढून, टाचा जुळवून,
प्रार्थनेला राहतात तशी.
एकशे बेचाळीस.
हिमोग्लोबिन सात.
बोटांना तंबाखूच्या पाल्याचा वास.
लोहाच्या गोळ्या दिल्या. मळमळतं म्हणून
ती त्या कौलाखाली खोचून ठेवायची,
हे मला फार उशिरा कळलं.

सातव्या महिन्यात पुन्हा मापलं.
एकशे त्रेचाळीस, वर थोडं.
पट्टी पुसली. पुन्हा मापलं.
एकोणीस वर्षांची बाई वाढत नाही.
वाढते ती पोर.
आत एक वाढत होतं, भोवती दुसरं,
ताटात भाकरी एकीपुरती.
उंचीच्या रकान्यात मी
जुनाच आकडा लिहिला.

पाय सुजले. अक्काताई म्हणाल्या, पाणी धरलंय, होतंय तसं.
डोळ्यांपुढं काजवे नाचतात म्हणाली
तेव्हा रात्रीचे दोन.
निपाणीनं बेळगावला धाडलं.
तवंदी घाटात पहिला झटका.
मी तिला डाव्या कुशीवर धरून बसले,
वळणागणिक तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर आपटत होतं.
संकेश्वरला दुसरा.

सिव्हिलमध्ये डॉक्टरनं विचारलं, वयस्सु एष्टु?
सासूनं घोकून घेतलेलं उत्तर होतं तिच्याकडं,
हत्तोंबत्तु,
तिच्या कन्नडमधला सगळ्यात स्वच्छ शब्द.
पण जीभ चावली गेलेली.
रक्ताच्या तोंडानं मराठीतच म्हणाली,
सोळावं लागलंय.
डॉक्टरला कळलं.
इथं आकडे सगळ्यांना दोन्हीकडचे येतात.

बाळ दीड किलोला शंभर ग्रॅम कमी.
एकवीस दिवस काचेत.
राहिलं.
तीही राहिली. डाव्या डोळ्यानं अजून धूसर दिसतं,
सुईत दोरा ओवताना मान वाकडी करते.

परवा लसीला आली.
मी बाळ वजनाला घातलं,
तोवर ही न सांगता भिंतीला टेकून उभी.
बघा की बाई, किती भरते.
एकशे चव्वेचाळीस.
हसली. दहावीत कुणी पहिला नंबर सांगावा तशी.
बाहेर अक्काताई विचारत होत्या,
आता दुसऱ्याला किती दिवस थांबायचं?

मी कार्ड उघडलं.
एकोणीसवर आडवी रेघ मारली.
खाडाखोड दिसते, मोठ्या बाई ओरडतील.
दिसू दे.