नेहमी, कधीकधी, कधीच नाही

फॉर्म सात पानांचा. मी तो भरला
बर्फाच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
लादी फोडायच्या यंत्राशेजारी उभा राहून.
प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन.

मूल विनाकारण चिडते का?
विनाकारण.
या शब्दाशी अर्धा तास अडलो.
दुर्वाकडे कारण असतं.
भाताला आमटी लागली,
पंख्याचं एक पातं वेगळ्या रंगाचं बसवलं,
बंदरावर रेडिओ आणि इंजिन एकदम सुरू झालं.
मग ती ओरडते, घसा बसेपर्यंत,
आणि नंतर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून,
पेजसुद्धा नको.

एकदा मी तिला मारलं आहे.
त्यासाठी चौकोन नव्हता.

आईनं त्याआधीच कौल लावला होता.
पाषाणावर ओल्या पाकळ्या, सगळे श्वास धरून,
बाहेरचां काय घरचां, तां सांग, म्हाराजा.
उजवी पडली नाही, डावी पडली नाही.
गुरव म्हणाला, मागणं नीट सांगा.
बांबोळीला डॉक्टर प्रभुखानोलकरही
तेच म्हणाले: नेमकं सांगा. कधीपासून?

निर्मला म्हणाली, चौथ्या वर्षापासून.
मी म्हटलं, दुसरीत गेल्यापासून.
आणि आम्ही भांडलो, तिथंच, खुर्च्यांवर बसून,
जणू जो आधीची तारीख सांगेल
त्याचा जीव जास्त.

दुर्वा टेबलावरच्या टाचण्या रांगेत लावत होती.
वर न बघता म्हणाली,
"माज्या डोक्यात सगळे ट्रॉलर
एकदम धक्क्याक लागतत."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं,
मग उचलून ते लिहिलं, तिच्याच शब्दांत.
मी समोरून उलटं वाचत होतो.

नाव मिळालं नाही.
दोन शब्द त्यांनी उच्चारले, मध्ये 'किंवा' होता,
मागून आणखी एक, आणि 'अजून लहान आहे'.
पुढची तारीख दीड महिन्यानं, मंगळवार.
घरी विचारतील. काय सांगू,
'किंवा' झालंय तिला?

शेजाऱ्यांसाठी नाव नको होतं मला.
मला हवं होतं काहीतरी,
तिच्याऐवजी ज्याच्यावर चिडता येईल.

सातार्ड्याच्या पुलावर एसटी थांबली, पुढे गुरं होती.
दुर्वा माझ्या मांडीवर झोपली होती,
निर्मला खिडकीतून खाली खाडी बघत होती,
आमचं सकाळपासून बोलणं नव्हतं.
मी बूट काढायला वाकलो तर तिनं माझा हात धरला.
नको.
पट्टा सोडताना चर्रर्र होतं,
तो आवाज दुर्वाला चालत नाही.
हे सात पानांत कुणी विचारलं नव्हतं.
फॉर्मची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती.
निर्मलानं पेन दिलं,
मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
बुटाचा पट्टा. नेहमी.