अकरावा रकाना

कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान, सात बाय सहा.
अंबव्वा बोद्दुल आली तेव्हा
डांबराला चप्पल चिकटत होती.
पिशवीत रेशनकार्ड, बीडी कारखान्याचं पासबुक,
आणि मोबाईलवर पोराचा आवाज:
ताई, आईचं प्रतिज्ञापत्र लागतंय. इंग्रजीत. नमुना पाठवलाय.
त्याच्याकडे सकाळ असावी.
मागे कुणीतरी खोकत होतं.

अर्ज कसला गं, तिनं विचारलं.
आश्रयाचा. म्हणजे आसरा.
ती दचकली.
आसरा? पाण्यातल्या?
त्या नव्हेत, म्हटलं,
पण तोवर तिची नजर कंबर तलावावर जाऊन पोचली होती,
जिथून दोन वर्षांमागं मल्लिनाथला वर काढला.
पंचनाम्यात: पाय घसरून.
त्याच्या घरी फळीवर पोहण्याचे तीन कप होते.

रकाना सात: अर्जदार कोणत्या गटाचा?
विणकर, ती म्हणाली.
तो गट नव्हे, अंबव्वा.
मग बराच वेळ पंखाच बोलत राहिला.
‘तसला,’ ती म्हणाली.
मी ‘तसला’साठी शब्द शोधत बसले.
जे सापडले ते दवाखान्यातले, नाहीतर शिवीतले.
शेवटी लिहिलं:
गोवर्धनचं मल्लिनाथवर प्रेम होतं.
माझ्या मोडक्या तेलुगूत वाचून दाखवलं.
तिनं मान हलवली नाही.
खोड, असंही म्हणाली नाही.

रकाना अकरा: परतल्यास धोका कोणापासून?
लोकांपासून.
लोक चालत नाहीत इथं. नावं लागतात.
बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते, थांबत होते.
रोज हजार बीड्या वळणारी बोटं तिनं एकेक मिटली:
दीर. दिराचा थोरला. गल्लीतला एक.
चौथं बोट तसंच उभं राहिलं.
मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं,
तीस वर्षांत उखाण्याशिवाय कधीच न घेतलेलं,
सरळ, त्याच्या बापाच्या नावासकट,
आणि म्हणाली,
आडनाव तेच लिही, पोराचं जे आहे.

अंगठा उठेना.
तंबाखूनं रेषा खाल्ल्या होत्या.
चौथ्या खेपेला उठला, शाईचा नुसता डाग.
हे चालेल त्यांना? मला कुठं ठाऊक होतं.
चालेल, म्हटलं.

पैसे मोजताना ती विचारत होती,
तिथं नळाला रोज पाणी येतं का?
येत असेल.
मग बरं, म्हणाली,
आणि घाईनं उठली.
ज्याचं नाव लिहिलं होतं
त्याच्या भाकरीची वेळ झाली होती.