पिशवीतल्या चपला

निपाणीच्या वखारीत आम्ही दोघी
एकाच चाळणीच्या दोन बाजू.
तीस वर्षं तंबाखू चाळली,
खोकलोसुद्धा पाळीपाळीनं.
आता सुंद्राक्काचे गुडघे गेले
आणि नवस राहिला.
कसला, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पिशवीत तिनं स्वतःच्या चपला घातल्या,
नवा अंगठा बसवून आणलेल्या.
म्हणाली, माझ्या बदली तू चाल,
पण ह्यांना चिंचलीची माती लागू दे.

माघातली पहाट. उसाच्या ट्रॉल्या
अंगावरून जातात, मागं कच्च्या रसाचा वास.
चिकोडीपर्यंत मी एकटीच चाललो.
(आमच्याकडं बायका पण ‘चाललो’च म्हणतात,
शाळेतल्या बाईंनी किती लाल रेघा मारल्या तरी.)
मैलाच्या दगडावर कानडी.
आकडा कळतो, गाव कळत नाही.
किती राहिलं ते ठाऊक,
काय राहिलं ते नाही.

तशाच एका दगडाला टेकून बसलेली लगमव्वा.
टाचांना फोड, भेगांत धूळ.
दगडावर बोट फिरवत तिनं एकेक अक्षर म्हटलं,
रा. य. बा. ग.
तिच्या बोटामागनं मी पण म्हटलं.
तिला मराठी ‘पाणी’ आणि ‘कुठं’,
मला कानडी ‘नीरु’ आणि ‘येष्टु’;
एवढ्या भांडवलावर
आम्ही एकोणीस किलोमीटर बोललो.

मी चपला काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या.
तिनं अंगठा चाचपला, तळ उलटा करून बघितला,
आणि पुन्हा माझ्या पिशवीत घातल्या. “ब्याडा.”
मागच्या गाडीवरनं बाबालाल नालबंद ओरडला,
अक्का, अनवाणीचा नवस हाय तिचा.
देवीला जाणाऱ्या बैलांच्या पत्र्या ठोकत
तो दरसाल ह्या वाटेनं येतो,
म्हणतो, आपण पायाचा माणूस.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात
त्यानं खिळे उपटायच्या चिमट्यानं
लगमव्वाच्या टाचेतला बाभळीचा काटा काढला.
बसगोंडानं मोबाईलची बॅटरी धरली.
बैल निदान लाथ मारतो, बाबालाल म्हणाला,
ही बाई नुसती हसतीया.
बसगोंडा दिवसभर पावलं मोजत होता,
एकेचाळीस हजारांवर मोबाईल मेला.
आता उद्याचं चाललेलं धरायचं नाही का, म्हणून
पोरगं खरंच हिरमुसलं.
आम्ही त्याला शेंगाची चटणी आणि खडक भाकरी दिली.

चिंचलीत माणूस कमी, भंडारा जास्त.
केस पिवळे, पापण्या पिवळ्या,
कुणी कुणाला ओळखेना.
चांगभलंच्या गलक्यात लगमव्वाचा हात सुटला.
मी देवीसमोर उभी राहिलो
आणि सुंद्राक्काच्या नवसाचं नाव
मला माहीतच नाही, हे तेव्हा आठवलं.
नुसतं म्हणालो, ती आली असं धर.
मागनं ढकललं, बाहेर आलो.

चिंचेखाली लगमव्वा बसलेली.
पाय सरळ केले तिनं माझ्यापुढं,
लहान पोर करतं तसे.
काहीतरी म्हणाली. ह्या खेपेला
बाबालाल नव्हता सांगायला.
मी पिशवी उघडली.

चपला थोड्या मोठ्या झाल्या तिला.
कुडचीच्या वाटेनं निघाली तेव्हा
फट् फट् वाजत होत्या,
अगदी वखारीच्या फरशीवर वाजायच्या तशा.
भोंगा झाला, सुंद्राक्का आली, असंच वाटलं.
हाक मारावी का? मारली नाही.

एसटीत बसलो. रिकामी पिशवी
घडी करून कमरेला खोचली.
उंबऱ्यावर ती वाट बघत असेल,
पहिल्यांदा पिशवीकडं बघेल, मग माझ्याकडं.
माती लागली का गं?
लागली, म्हणीन.
अजून लागतीया.